लष्करी विमानांचे आकारसौंदर्य

लष्करी विमान देखणे दिसावे म्हणून कोणी घडवीत नाही. वेग, शस्त्रभार, पल्ला किंवा शत्रूपासून लपून राहण्याची क्षमता यांपैकी ज्या गरजेला त्या काळात अग्रक्रम मिळाला, तिनेच विमानाला आकार दिला आणि त्या आकारात पाहणाऱ्यांना सौंदर्य दिसू लागले. पहिल्या महायुद्धातील बहुतेक लढाऊ विमाने लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि पंख बांधून ठेवणाऱ्या तारा यांची बनलेली असत. १९३० नंतर धातूचे गुळगुळीत कवच, पंखांची एकच जोडी आणि उड्डाणानंतर मिटणारी चाके रूढ झाली, तेव्हा विमानाची बाह्यरेषा प्रथमच अखंड वाटू लागली.

५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडालेले ब्रिटिश ‘स्पिटफायर’ हे या काळातील सर्वांत देखणे विमान मानले जाते आणि ते योग्यच आहे. आर. जे. मिचेल यांच्या चमूने त्याला दिलेला लंबवर्तुळाकार पंख हवेचा रोध कमी करतो. शिवाय पातळ असूनही मुळाशी पुरेसा रुंद असल्याने त्यात चाके आणि मशीनगन मावत. घडवायला मात्र तो अवघड व वेळखाऊ होता.

जेट इंजिनानंतर ध्वनिवेगाजवळचा वाढता रोध हा मुख्य प्रश्न ठरला. जर्मनीतील युद्धकालीन संशोधनातून मागे झुकलेल्या पंखांचे महत्त्व पटल्यामुळे १९४७ मध्ये उडालेली अमेरिकी ‘एफ-८६ सेबर’ आणि सोव्हिएत ‘मिग-१५’ ही परस्परविरोधी गोटांतील विमाने भावंडांसारखी दिसतात. दोघांच्याही पंखांचा झुकाव सुमारे ३५ अंश होता. पुढे ‘वायएफ-१०२’ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या प्रायोगिक नमुन्याला सरळ उड्डाणात ध्वनिवेग ओलांडता येईना, तेव्हा अमेरिकी अभियंते रिचर्ड व्हिटकॉम्ब यांच्या क्षेत्रनियमानुसार (विमानाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत एकदम न बदलता हळूहळू बदलले, तर रोध कमी होतो) त्याचे धड पंखांपाशी आवळण्यात आले आणि डिसेंबर १९५४ मध्ये सुधारित विमानाने तो वेग ओलांडला. ती निमुळती कंबर डोळ्यांना सुखावते, पण तिच्यामागे निव्वळ गणित आहे. उलट ‘एफ-४ फँटम’च्या पंखांची वर वळलेली टोके आणि खाली झुकलेले शेपटीचे पृष्ठ, स्थिरतेसाठी केलेल्या या दोन्ही दुरुस्त्या प्रथमदर्शनी ओबडधोबड वाटतात, तरीही त्यांतून आलेला रांगडेपणा अनेकांना प्रिय आहे.

रडारपासून लपण्याची गरज प्रबळ झाल्यावर वक्ररेषांची ही परंपरा अचानक तुटली. १९८१ मध्ये उडालेले अमेरिकी ‘एफ-११७’ हे विमान सपाट, कोनदार पृष्ठांचे आहे, कारण रडारलहरी आल्या दिशेला परत न जाता इतरत्र वळाव्यात असे हिशेब त्या काळच्या संगणकांना सपाट पृष्ठांसाठीच जमत होते. त्याचे सौंदर्य कठोर आहे आणि ते ओळखायला डोळ्यांना थोडा अवधी द्यावा लागतो. संगणक अधिक सक्षम झाल्यावर वक्ररेषा परतल्या: १७ जुलै १९८९ रोजी उडालेले ‘बी-२’ हे बाँबफेकी विमान शेपटीविना, जवळजवळ केवळ पंखाचेच बनलेले आहे, आणि त्याच्या पंखांचा विस्तार नॉर्थ्रॉप कंपनीच्याच १९४७ मधील ‘वायबी-४९’ या उडत्या पंखाइतकाच, म्हणजे १७२ फूट आहे.