गिअरयुक्त सर्व्हो मोटर : विशेष यंत्रांसाठी निवड

गिअरयुक्त सर्व्हो मोटर : स्थान, वेग व टॉर्क (फिरवण्याचे बळ) यांवर फीडबॅकच्या (प्रत्यक्ष स्थितीच्या परत मिळणाऱ्या माहितीच्या) आधारे नियंत्रण ठेवता येणारी विद्युत मोटर आणि तिचा वेग घटवून टॉर्क वाढवणारा गिअरबॉक्स यांचे एकत्र जोडलेले एकक. तयार मालिकेतील एककाचा शाफ्ट, फ्लँज, गुणोत्तर, वेटोळी, वंगण किंवा सील यांपैकी काही यंत्राच्या गरजेप्रमाणे बदलून घेतले, की त्याला सानुकूल एकक म्हणतात. निवडीची सुरुवात कॅटलॉगमधील वॉटच्या आकड्यापासून करण्याची सवय सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. सुरुवात यंत्राच्या हालचालीपासून, म्हणजे किती वस्तुमान किती वेळात किती अंतर हलवायचे आणि नंतर किती वेळ थांबायचे, यापासून करावी लागते.

संज्ञा व पूर्वेतिहास : ‘सर्व्हो’ हा घटक दास किंवा सेवक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, याबद्दल मतभेद नाही. कल्पनेच्या जनकत्वाबद्दल मात्र दोन मते आहेत. फ्रेंच अभियंता जोझेफ फार्को यांनी जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळाने फिरवणाऱ्या यंत्रणेवर १८७३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच ‘सर्व्होमोटर’ ही संज्ञा वापरली. त्यामुळे पुष्कळ लेखक त्यांनाच मान देतात. दुसऱ्या मतानुसार ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजावर १८६६-६७ च्या सुमारास बसवलेले जॉन मॅकफार्लेन ग्रे यांचे सुकाणू-इंजिन हे त्याआधीचे आहे. त्यात सुकाणूची प्रत्यक्ष स्थिती झडपेपर्यंत परत पोहोचवली जाई आणि हवी ती स्थिती आली की वाफ आपोआप बंद होई. संज्ञा फार्को यांची आणि प्रत्यक्ष वापरातील बंद वळसा ग्रे यांचा, अशी विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. सर्व्हो यंत्रणांची गणिती मांडणी हॅरल्ड हेझन यांच्या १९३४ मधील निबंधापासून धरण्याचा प्रघात आहे.

गिअरबॉक्सच्या बाजूने पाहता ग्रहीय चक्रमाला, म्हणजे मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या चक्रांची रचना, सर्वांत जुनी. इ. स. पू. दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या अँटिकिथेरा यंत्रातही फिरत्या आसावरची चक्रे होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. डोलत फिरणाऱ्या तबकडीचा सायक्लॉइडल प्रकार जर्मनीत लोरेन्ट्स ब्रारेन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणला. लवचीक कप असलेल्या हार्मोनिक प्रकाराचे अमेरिकी पेटंट वॉल्टन मसर यांना १९५९ मध्ये मिळाले. निओडिमियम चुंबक १९८० च्या दशकात बाजारात आल्यावर मोटरी लहान, वेगवान आणि हलक्या रोटरच्या झाल्या. पुढे येणारा जडत्वाचा प्रश्न या बदलामुळेच तीव्र झाला.

गुणोत्तर व जडत्व : गिअरबॉक्सचे गुणोत्तर i असेल, तर वेग i ने भागला जातो, टॉर्क i ने आणि कार्यक्षमतेने गुणला जातो, आणि भाराचे जडत्व (निरूढी परिबल) मोटरला i च्या वर्गाने भागलेले जाणवते; त्याला परावर्तित जडत्व म्हणतात. गिअरबॉक्स घेण्याचे खरे कारण बहुतेक वेळा टॉर्कपेक्षा हा वर्ग असतो.

परावर्तित जडत्व आणि मोटरचे स्वतःचे जडत्व यांचे प्रमाण किती असावे, हा या विषयातील सर्वांत जुना वाद आहे. घर्षण नगण्य असेल, तर ठरावीक मोटरकडून भाराला जास्तीत जास्त त्वरण १:१ या प्रमाणाला मिळते. गुणोत्तर तेव्हा दोन जडत्वांच्या भागाकाराच्या वर्गमुळाइतके असते. त्यावरून १:१ हाच नियम मानणारी एक जुनी परंपरा आहे. चपळ यंत्रांना ५:१ आणि संथ यंत्रांना १०:१ पर्यंत चालते, हा ठोकताळा नंतर रूढ झाला. अलीकडचा दृष्टिकोन असा, की प्रमाण हे मूळ कारण नसून मोटर आणि भार यांच्यामधली लवचीकता हे कारण आहे. गिअरबॉक्स, कपलिंग किंवा पट्टा हे स्प्रिंगसारखे वागतात, त्यामुळे यंत्रणेला एक प्रतिअनुनादाची (जिथे मोटर जवळपास स्थिर राहून भारच थरथरतो) आणि एक अनुनादाची (जिथे दोन्ही जोरात थरथरतात) वारंवारता मिळते. या दोहोंचा भागाकार (१ + प्रमाण) याच्या वर्गमुळाइतका असतो: १:१ ला सुमारे १·४, १०:१ ला सुमारे ३·३. अंतर वाढले की ड्राइव्हचा (मोटरला वीज देऊन नियंत्रित करणाऱ्या उपकरणाचा) गेन, म्हणजे चुकीला प्रतिसाद देण्याची तीव्रता, वाढवता येत नाही, वाढवल्यास यंत्र गुणगुणते. जोडणी अतिशय ताठ असेल तर २०:१ लाही यंत्र नीट चालते आणि लांब पट्टा असेल तर ३:१ ला सुद्धा त्रास होतो. म्हणून प्रमाणाचा आकडा ताठपणाच्या आकड्याशिवाय वाचू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उदाहरण : सहा स्थानकांचे फिरते टेबल, जडत्व २·० किग्रॅ·मी², घर्षण ५ न्यूटन-मीटर. दर सेकंदाला ६० अंश फिरायचे, त्यासाठी ०·४५ सेकंद आणि उरलेले ०·५५ सेकंद स्थिर. हालचालीचे वेग वाढणे, स्थिर वेग आणि वेग घटणे असे समान तीन भाग केले, तर कमाल वेग सुमारे ३३ फेरे प्रतिमिनिट आणि त्वरण सुमारे २३·३ रेडियन/से² येते. त्वरणाला ४६·५ आणि घर्षण धरून ५१·५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो.

गुणोत्तर ५० घेतले, तर परावर्तित जडत्व ८ किग्रॅ·सेंमी² होते. ४०० वॉटच्या वर्गातील मोटर आणि गिअरबॉक्सचे प्रवेशजडत्व मिळून ०·७ किग्रॅ·सेंमी² धरले, तर प्रमाण ११ च्या वर जाते. अनेकजण इथे ७५० वॉटची मोटर घेतात. त्याऐवजी गुणोत्तर ७० केले, तर परावर्तित जडत्व ४·१ आणि प्रमाण सुमारे ६ वर येते. मोटरचा वेग २,३३३ फेरे, म्हणजे ३,००० च्या आत राहतो. दोन टप्प्यांच्या ग्रहीय गिअरबॉक्सची कार्यक्षमता ९४ टक्के धरून मोटरकडून कमाल टॉर्क ०·९ न्यूटन-मीटर आणि पूर्ण चक्राचा वर्गमाध्य-मूळ टॉर्क (टॉर्कच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) सुमारे ०·४३ न्यूटन-मीटर लागतो. या वर्गातील मोटरचा सतत टॉर्क साधारण १·२७ असतो. लहान मोटर पुरते. मोटर तापण्याचा हिशेब नेहमी वर्गमाध्य-मूळ टॉर्कवर करावा. गिअरबॉक्सचा मात्र तसा करू नये, कारण दात आणि बेअरिंग यांचे आयुष्य भाराच्या तिसऱ्या किंवा त्याहून मोठ्या घातावर अवलंबून असते. तिथे घनमाध्य टॉर्क लागतो.

बॅकलॅश व ताठपणा : बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळी फट, कोनीय मिनिटांत (अंशाच्या साठाव्या भागांत) सांगतात. ५०० मिमी त्रिज्येवर एक मिनिट म्हणजे ०·१४५ मिमी. वरील टेबलाची स्थानके ३०० मिमी त्रिज्येवर असतील, तर ५ मिनिटांच्या गिअरबॉक्सने ०·४४ मिमी आणि १ मिनिटाच्या गिअरबॉक्सने ०·०९ मिमी मोकळीक राहते. भाग उचलून ठेवायचा असेल तर पहिला चालेल, बारीक छिद्र पाडायचे असेल तर दुसराही अपुरा. अशा वेळी भाराच्या बाजूला दुसरा एन्कोडर (कोन मोजणारा संवेदक) किंवा टेबल जागेवर धरणारी खुंटी लागते. मोटरमागचा एन्कोडर २३ बिटचा असला तरी गिअरबॉक्समधली फट त्याला दिसत नाही.

बॅकलॅश प्रत्येक ग्राहक विचारतो, पिळाचा ताठपणा क्वचितच कोणी विचारतो. सुमारे ९० मिमी चौकटीच्या ग्रहीय गिअरबॉक्सचा ताठपणा १० न्यूटन-मीटर प्रति कोनीय मिनिट धरला, तर ४६·५ न्यूटन-मीटरला तो सुमारे साडेचार कोनीय मिनिटे पिळतो, म्हणजे १ मिनिटाच्या गिअरबॉक्सच्या बॅकलॅशपेक्षा कितीतरी जास्त. त्याच आकड्यावरून प्रतिअनुनाद सुमारे २१ हर्ट्झ आणि अनुनाद ५४ हर्ट्झच्या आसपास येतो. टेबल थांबल्यावर किती वेळ थरथरेल, हे इथेच ठरते. एक माप मोठा गिअरबॉक्स घेण्याचे समर्थन अशा वेळी टॉर्कने होत नाही, ताठपणाने होते.

प्रकार : ग्रहीय गिअरबॉक्स एका टप्प्यात ३ ते १०, दोन टप्प्यांत साधारण १०० पर्यंत गुणोत्तर देतो; एका टप्प्याची कार्यक्षमता ९७ टक्क्यांच्या आसपास असते. हार्मोनिक प्रकारात लवचीक कपावर २०० आणि बाहेरच्या कड्यावर २०२ दात असतील, तर एकाच टप्प्यात १०० गुणोत्तर मिळते. बॅकलॅश जवळपास शून्य, वजन कमी, पण कार्यक्षमता कमी आणि ग्रीस थंड असताना ती आणखी घटते. जास्त आघातात त्याचे दात एकमेकांवरून घसरतात आणि तसे एकदा झाले की अचूकता परत येत नाही. सायक्लॉइडल प्रकार आघात उत्तम सोसतो, म्हणून रोबोच्या तळाच्या सांध्यात तो आढळतो. वर्म गिअर चालतो, परंतु त्याच्या ‘स्वयंकुलूप’ (भाराने उलटा न फिरण्याच्या) गुणावर उभा भार सोडू नये. कंपनाने तो सरकू शकतो. उभ्या आसाला ब्रेक लागतोच. मोटरमधला धारक ब्रेक हा भार धरण्यासाठी असतो, रोजच्या थांबवण्यासाठी तो वापरल्यास त्याचे अस्तर लवकर संपते.

सानुकूल बदल : सोपे बदल आधी मागावेत. शाफ्टची लांबी, चावीऐवजी गुळगुळीत शाफ्ट, जोडपट्टी, केबल निघण्याची दिशा, ग्रीस यांना थोडा वेळ लागतो. नवीन गुणोत्तर, पोकळ शाफ्ट किंवा नवे आवरण यांना नवीन हत्यारे आणि नव्याने चाचणी लागते. वेटोळी बदलून घेताना ड्राइव्हचे डीसी व्होल्टेज आधी ठरवावे : २३० व्होल्ट पुरवठ्यावर ते सुमारे ३२५, ४०० व्होल्टवर सुमारे ५६५, बॅटरीवरच्या यंत्रांत पुष्कळदा ४८. खाद्ययंत्रांना एच-१ वर्गाचे (अन्नाला चुकून लागले तरी चालणारे) ग्रीस, दाबाच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या यंत्रांना आयपी ६९के संरक्षण, निर्वात कक्षाला कमी बाष्पदाबाचे वंगण सांगावे. सीलचे घर्षण मागणीत धरावे. लहान एककात ते रिकाम्या अवस्थेच्या टॉर्कचा मोठा हिस्सा असते.

गुणोत्तराचा अचूक अपूर्णांक मागून घ्यावा. पाटीवर लिहिलेले गुणोत्तर कधी कधी पूर्णांकित असते. एकाच दिशेने फिरत राहणाऱ्या टेबलात तो फरक फेरीगणिक साठत जातो आणि काही तासांनी स्थानक दिसण्याइतके सरकते. ड्राइव्हमध्ये अंश व छेद वेगवेगळे भरावेत, दशांश भरू नये.

मागणीपत्रात आपत्कालीन थांबा किती वेळा अपेक्षित आहे तेही लिहावे. गिअरबॉक्सचा आपत्कालीन टॉर्क बहुधा आयुष्यात सुमारे १,००० वेळांपुरताच दिलेला असतो. रोज दोनदा दरवाजा उघडून यंत्र थांबवले जात असेल, तर दीड वर्षाच्या आत तो संपतो.

जोडणी व बिघाड : बहुतेक तक्रारी मोटर-गिअरबॉक्स जोडणीपाशी उगम पावतात. क्लॅम्प बसवण्यापूर्वी मोटरच्या शाफ्टवरचे संरक्षक तेल पूर्ण पुसावे. राहिल्यास त्वरणाच्या वेळी शाफ्ट किंचित घसरतो आणि शून्यस्थान रोज बदलते. चूक एन्कोडरवर घातली जाते, एन्कोडर बदलूनही ती राहते. जोडणी शक्यतो उभ्या स्थितीत, मोटर वर ठेवून करावी. आधी क्लॅम्पचा बोल्ट हलका, मग फ्लँजचे बोल्ट कर्णरेषेत, शेवटी क्लॅम्प टॉर्क-पान्याने पूर्ण घट्ट.

बाहेरच्या शाफ्टवर पट्ट्याची पुली लावायची असेल, तर ती फ्लँजच्या शक्य तितकी जवळ असावी. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश होते. पट्टा हाताने ‘चांगला ताणून’ बसवला, की नेमके हेच घडते.

आवरणाचे तापमान साधारण ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. टॉर्क मर्यादेत असूनही गिअरबॉक्स तापतो, तेव्हा प्रवेशाचा सरासरी वेग बहुधा जास्त असतो. याउलट, काही यंत्रांत आस दिवसभर काही अंशच पुढे-मागे होतो. तिथे वंगण संपर्काच्या जागेतून बाहेर ढकलले जाते, परत येत नाही, आणि बेअरिंगच्या वाटेवर घर्षणाने लालसर भुकटी व खळगे पडतात. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, यंत्राची रचना मुभा देत असेल तर, आसाला एक पूर्ण फेरा देण्याची आज्ञा नियंत्रणप्रणालीत लिहून ठेवावी. फेरा शक्यच नसेल, तर हे मागणीच्या वेळीच कळवून लघुदोलनासाठीचे ग्रीस भरून घ्यावे.