आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कशी ठरते: पार्श्वभूमी

कोकणातल्या बहुतेक जत्रा पंचांगात सापडतात. कुणकेश्वर महाशिवरात्रीला, मार्लेश्वर मकरसंक्रांतीला. मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भरणारी भराडीदेवीची जत्रा मात्र कुठल्याच तिथीला बांधलेली नाही. २०१८ साली ती २७ जानेवारीला झाली, २०२४ साली थेट २ मार्चला.

देवीच्या प्रकट होण्याची कथा घरोघरी माहीत आहे, ती इथे नको. वाद आहे तो तारखेचा. दिवाळी सरली, भातं घरात आली की डाळप होते, म्हणजे गावकरी देवळात एकत्र जमतात, देवीच्या नावाने शिकार होते आणि मग कौल लावला जातो, म्हणजे तारखेबद्दल देवीलाच विचारलं जातं. कौलाची रीत कोकणात सगळीकडे साधारण सारखीच. ओल्या कळ्या किंवा पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर पुन्हा विचारायचं. यात घाई चालत नाही.

जत्रा वाडीपुरती होती तोवर याची कुणाला अडचण नव्हती. चाकरमानी तेव्हाही यायचे, पण मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आणि पुढे एसटीने. ज्याला जमेल तो यायचा. चित्र पालटलं ते १९९८ साली कोकणात रेल्वे पूर्ण धावू लागल्यावर. जादा गाड्या सुटू लागल्या, गर्दी लाखांत गेली, पुढाऱ्यांचे फलक रस्ताभर लागले. मग 'तारीख एकदाची कायमची ठरवून टाका, रजा टाकायला बरं पडेल' अशी कुजबुज सुरू झाली.

अडचण खरी आहे, मागणी मात्र पटणारी नाही. ही मुळात आंगणे मंडळींची घरची देवी. आजही वाडीतल्या बाया उपवास धरून, तोंडातून शब्द न काढता प्रसाद रांधतात आणि रात्री ताटं लावतात. बाकीचे आपण पाहुणे. यजमानाच्या घरचं कार्य पाहुण्याच्या रजेवर कसं ठरणार? २०२१ साली कोरोनामुळे ६ मार्चची जत्रा फक्त आंगणे कुटुंबीयांपुरती झाली, तेव्हा ती कुणाची हे आपोआप दिसलं.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. कौल बहुधा त्यानंतर लागायचा, त्यामुळे तारीख कळली की मिनिटांत गाड्या भरायच्या. नोव्हेंबर २०२४पासून मुदत ६० दिवसांवर आली. २०२५ची तारीख, २२ फेब्रुवारी, आरक्षण उघडण्याआधीच सर्वांना कळलेली होती. तिकीट तरीही सगळ्यांना मिळालं नाही, ते सोडा.