ईस्टर एगचा साचा: वापरायच्या आधी वाचा

या पाकिटात पॉलिकार्बोनेटचे दोन साचे आहेत, एक 10 सेंटिमीटरच्या अंड्याचा आणि एक 15 सेंटिमीटरचा. प्रत्येकाचे दोन अर्धे भाग. साच्याबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे "अंडं सुटलंच नाही". यात साच्याचा दोष क्वचितच असतो. चॉकलेटचं तापमान चुकलेलं असतं, नाहीतर कुठूनतरी पाणी शिरलेलं असतं. पुढचं सगळं वाचताना या दोन गोष्टी डोक्यात ठेवा.

कामं कधी उरकायची

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कुठल्यातरी रविवारी येतो. 2026 मध्ये तो 5 एप्रिलला आणि 2027 मध्ये 28 मार्चला आहे. (ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर बऱ्याचदा वेगळ्या रविवारी असतो.) मार्झिपान (बदाम आणि साखरेचा मऊ गोळा) सोमवारी-मंगळवारी करून ठेवा. चॉकलेटची कवचं बुधवारी, गुड फ्रायडेचे बन गुरुवारी संध्याकाळी. शनिवारी फक्त सजावट उरली पाहिजे. सगळं शनिवारवर ढकललं की ओव्हन तापलेला, स्वयंपाकघरात वाफ आणि त्यातच चॉकलेट, असा घोळ होतो.

अंडंच का, हे मुलं विचारतातच. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात पूर्वी अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना हे कोण सांगणार? वसंतात दिवस मोठा होतो तशी त्या अंडी जास्तच घालतात. साठलेली अंडी मग सणाला निघायची. ब्रिटनमध्ये पोकळ चॉकलेटचं अंडं 1873 मध्ये ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीने केलं.

चॉकलेट टेंपर करणं

आधी तुमच्याकडचं चॉकलेट कोणतं ते वेष्टनावर बघा. घटकांमध्ये वनस्पती तेल किंवा फॅट असेल आणि कोको बटर नसेल, तर ते कंपाऊंड. ते नुसतं वितळवून साच्यात ओतलं तरी चालतं, पण तोंडात मेणचट लागतं. कोको बटर असलेल्या चॉकलेटला टेंपरिंगशिवाय, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून, थंड करून पुन्हा किंचित गरम केल्याशिवाय, गत्यंतर नाही.

कारण असं की कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. तो चकाकतो, तुटताना टक् आवाज करतो, साधारण 34 अंशांना वितळतो आणि गोठताना किंचित आकसतो. त्या आकसण्यामुळेच अंडं साच्यापासून सुटतं. बाकीचे प्रकार झाले की चॉकलेट मऊ आणि निस्तेज राहतं, साच्याला चिकटून बसतं आणि दोन दिवसांत त्यावर करडे पट्टे उमटतात.

कमीत कमी 400 ग्रॅम चॉकलेट घ्या. लहान अंड्याला साधारण 75 ग्रॅम आणि मोठ्याला 200 ग्रॅमच लागतं, पण थोडं चॉकलेट भराभर थंड होतं आणि तापमान हाताशी राहत नाही. त्यातला एक तृतीयांश भाग बारीक चिरून बाजूला ठेवा. उरलेलं डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात) किंवा मायक्रोवेव्हमध्ये 20-20 सेकंदांनी ढवळत वितळवा. डार्क 45 ते 50 अंशांपर्यंत न्या, मिल्क आणि व्हाइट 45 च्या वर नेऊ नका, दुधाची पावडर करपून गुठळ्या होतात. आता चिरलेलं चॉकलेट थोडं थोडं घालत ढवळत राहा. डार्क 28 वर, मिल्क 27 वर, व्हाइट 26 वर आलं की थांबा. मग अगदी मंद आचेवर काही सेकंद धरून डार्क 31-32, मिल्क 29-30 आणि व्हाइट 28-29 वर आणा. यावरचा एक-दोन अंशही महागात पडतो, तयार झालेले स्फटिक विरघळतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. प्रोब थर्मामीटर घ्याच. बोट बुडवून अंदाज घेण्याचं हे काम नव्हे.

साच्यात ओतण्याआधी सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवा. 20-22 अंशांच्या खोलीत पाच मिनिटांत ते कोरडं आणि चकचकीत झालं, तर टेंपर बसलं. ओलसर किंवा पट्टेदार दिसलं, तर नाही.

पाण्याबद्दल: ओला चमचा, डबल बॉयलरची वाफ, नीट न पुसलेलं भांडं, एवढं पुरतं. दोन थेंबांनी साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा रेताड गोळा होतो. असा गोळा साच्यासाठी कामाचा नाही. गरम क्रीम किंवा दूध घालून त्याचा सॉस करा, फेकू नका.

कवच ओतणं आणि सोडवणं

साचा कोरड्या कापसाने आतून घासून पुसा. बोटांचा तेलकट ठसा राहिला, तर तोच ठसा अंड्यावर उमटतो. चॉकलेट काठोकाठ भरा, साचा ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे काढा आणि लगेच उलटा करून जादा चॉकलेट भांड्यात निथळू द्या. काठ स्पॅचुलाने साफ करा. पाच मिनिटं गोठू द्या आणि दुसरा थर द्या. लहान अंड्याला 3 मिलिमीटर, मोठ्याला 4 मिलिमीटर जाडी हवी. बहुतेक अंडी काठाशी फुटतात, कारण उलटं केल्यावर चॉकलेट काठावरून ओघळतं आणि तिथेच थर पातळ राहतो. म्हणून दुसऱ्या थराच्या वेळी ब्रशने काठाला वेगळा हात द्या.

फ्रिजमध्ये 10 ते 15 मिनिटं, जास्त नको. मग साचा उजेडाकडे धरून खालच्या बाजूने बघा. जिथे चॉकलेट सुटलं आहे तिथे पृष्ठभाग रुपेरी-धुरकट दिसतो, जिथे चिकटलेलं आहे तिथे गडद आणि ओला. सगळीकडे धुरकट झालं की साचा उलटा करून हलकेच दाबा, कवच हातात येईल. गडद डाग दिसत असेल, तर पाच मिनिटं थांबा. सुरी घालू नका. साच्याला पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक अंड्यावर दिसेल.

जोडताना सुती हातमोजे घाला. कोमट ताटलीवर दोन्ही काठ दोन सेकंद टेकवून एकमेकांवर धरा. गोळ्या किंवा छोटी खेळणी आत ठेवायची असतील, तर ती जोडण्याआधी आठवणीने ठेवा. तयार अंडी 16-18 अंशांना, कोरड्या जागी. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या अंड्याला घाम सुटतो आणि वाळल्यावर साखरेचा पांढुरका खरखरीत थर राहतो. हवा गरम असेल आणि फ्रिजशिवाय इलाज नसेल, तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

मार्झिपान

250 ग्रॅम सोललेले बदाम, 225 ग्रॅम आयसिंग शुगर, 40 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, 2 चमचे गुलाबपाणी, बदामाच्या इसेन्सचे 2-3 थेंब. यात कच्चं अंडं नाही, त्यामुळे लहान मुलांना देताना धाकधूक नाही. बदाम उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवून सोला आणि पूर्ण वाळवा. ओले बदाम दळले की लगदा होतो. मिक्सर सलग फिरवू नका. थांबत थांबत, निम्मी साखर सोबत घालून दळा, नाहीतर भांडं तापून तेल सुटतं. तेल सुटलंच तर मळत बसू नका, तेल आणखी बाहेर येतं. गोळा अर्धा तास थंड करा, एक चमचा गार पाणी आणि थोडी साखर घालून हलक्या हाताने एकत्र करा. चिरा पडत असतील तर ग्लुकोजचे थेंब, हाताला चिकटत असेल तर साखर. रंग जेलचा वापरा, पातळ रंगाने गोळा सैल होतो.

यातून 15 ग्रॅमची तीसहून जास्त अंडी होतात. उरलेल्या मार्झिपानचे 11 गोळे करून फ्रूटकेकवर मांडले की सिमनेल केक झाला. हे गोळे म्हणजे येशूचे शिष्य, बारांमधून त्याचा विश्वासघात करणारा यहूदा इस्कार्योत वगळलेला असतो.

गुड फ्रायडेचे हॉट क्रॉस बन

12 बनसाठी 500 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 8 ग्रॅम मीठ, 250 मिलिलिटर कोमट दूध, 1 अंडं, 50 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम मनुका, 50 ग्रॅम संत्र्याची पाकवलेली साल, 1 लहान चमचा दालचिनी. दालचिनी वाढवायचा मोह आवरा, तिने यीस्ट मंदावतं. मनुका भिजवल्या तर निथळून पुसून घ्या. क्रॉससाठी 75 ग्रॅम मैदा आणि तेवढंच पाणी कालवून पाइपिंग बॅगने काढा. 200 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. फुगलेल्या बनवर पीठ घट्ट पडलं तर क्रॉस भाजताना तडकतो, फार पातळ झालं तर बाजूने ओघळतो.

रविवारी

2 किलोच्या लॅम्ब रोस्टला 180 अंशांवर दर 500 ग्रॅमला 20 मिनिटं आणि वर 20 मिनिटं, म्हणजे 1 तास 40 मिनिटं लागतात. बाहेर काढल्यावर 20 मिनिटं झाकून ठेवायचं असतं, टेबल मांडायला तोच वेळ. मात्र ओव्हन चालू असताना चॉकलेटची अंडी स्वयंपाकघरात नकोत, दुसऱ्या खोलीत ठेवा. नावं लिहायचं आयसिंग (पाश्चराइज्ड अंड्याचा 30 ग्रॅम पांढरा भाग आणि 170 ग्रॅम आयसिंग शुगर) शनिवारीच वापरून टाका, वाळायला रात्र लागते.

साचा धुताना कोमट पाणी आणि मऊ स्पंज, तारेची घासणी नाही, डिशवॉशर नाही. उरलेलं टेंपर केलेलं चॉकलेट बटर पेपरवर पसरून गोठवा आणि तुकडे करून ठेवा. पुढच्या वेळी चिरून घालायचा एक तृतीयांश भाग यातूनच घेता येतो.