कक्षा गेली, ऑर्बिटल आले: अणूच्या चित्रामागची पार्श्वभूमी

१९११ साली रदरफोर्डने अणूच्या मध्यभागी इवलेसे धनप्रभारित केंद्रक असल्याचे मांडले आणि लगेच पेच उभा राहिला. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन विद्युतचुंबकीय नियमांप्रमाणे सतत ऊर्जा गमावणार आणि सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी वेळात केंद्रकावर कोसळणार. मग अणू टिकतात कसे?

नील्स बोरने १९१३ मध्ये धाडसी तोडगा काढला. इलेक्ट्रॉन ठरावीक वर्तुळाकार कक्षांतच राहतो, तिथे असेपर्यंत ऊर्जा गमावत नाही, आणि एका कक्षेतून दुसरीत जातानाच प्रकाश शोषतो किंवा सोडतो. हायड्रोजनच्या वर्णरेषांसाठी (तो सोडत असलेल्या ठरावीक रंगांच्या प्रकाशासाठी) बामरने १८८५ मध्ये आकड्यांवरून जुळवलेले सूत्र यातून थेट निघाले. हे यश खरोखर थक्क करणारे होते. सोमरफेल्डने पुढे लंबवर्तुळाकार कक्षाही आणल्या, पण अवघ्या दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमपुढे हे गणित अडले.

१९२४ मध्ये द ब्रॉयने इलेक्ट्रॉनला तरंगाचे गुणधर्म असल्याचे सुचवले. १९२६ मध्ये श्रोडिंगरने त्या तरंगाचे समीकरण दिले, आणि त्याच वर्षी मॅक्स बॉर्नने त्याचा अर्थ लावला: तरंगफलाच्या, म्हणजे त्या तरंगाचे वर्णन करणाऱ्या गणिती फलनाच्या, मूल्याचा वर्ग घेतला की इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची संभाव्यता किती, ते कळते. एका इलेक्ट्रॉनचे असे तरंगफल म्हणजेच ऑर्बिटल. एस ऑर्बिटल गोलाकार असते, पी ऑर्बिटलला दोन पाकळ्या असतात आणि त्यांच्या मधल्या प्रतलावर संभाव्यता शून्य असते. पाउलीच्या नियमानुसार एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात.

ऑर्बिटल म्हणजे ‘धूसर झालेली कक्षा’ असे अनेकदा शिकवले जाते. मला ते घातक वाटते. कक्षा म्हणजे ठरलेली वाट, आणि वाट आखायची तर स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकाच वेळी नेमके हवेत. हायझेनबर्गच्या १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वाने तीच शक्यता काढून घेतली. अणूतल्या इलेक्ट्रॉनची वाट आपल्याला दिसत नाही असे नव्हे, तिथे वाट नाहीच.

हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत हा फरक लख्ख दिसतो. बोरच्या हिशेबात तिथे इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग, म्हणजे केंद्रकाभोवती फिरण्याचे माप, प्लांकचा स्थिरांक (क्वांटम भौतिकीतला मूलभूत आकडा) भागिले २π एवढा असतो. श्रोडिंगरच्या हिशेबात शून्य. म्हणजे तिथे प्रदक्षिणा नाहीच! तरी ऊर्जा दोन्हीकडे तीच, उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक). शिवाय केंद्रकापासून ज्या अंतरावर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वाधिक, तेही बोरच्या पहिल्या कक्षेच्या त्रिज्येइतकेच, ०.०५३ नॅनोमीटर. आकडे असे जुळत असल्यामुळेच कक्षेचे चित्र इतके चिवट ठरले असावे.

हेलियमचा प्रश्न मात्र नव्या पद्धतीनेच सुटला. १९२९ मध्ये हिलेरासने दोन इलेक्ट्रॉनमधले प्रतिकर्षण समीकरणात नीट धरून हेलियमची ऊर्जा काढली, आणि ती प्रयोगाशी उत्तम जुळली.