रुंद खिडकीला रोलर ब्लाइंड की रोमन?

दोन्ही कापडाचे, दोन्ही साखळीने वर-खाली होणारे, आणि पूर्ण खाली सोडले की लांबून जवळपास सारखेच दिसणारे. त्यामुळे बरेचजण दुकानात कापड पसंत करतात आणि प्रकार कारागिरावर सोडतात. चार फुटांच्या खिडकीला ते खपून जातं, हॉलच्या आठ फुटी सरकत्या खिडकीला नाही.

खरा फरक आधाराचा आहे. रोलरचं सगळं कापड अॅल्युमिनियमच्या नळीवर गुंडाळलं जातं आणि ती नळी फक्त दोन टोकांच्या ब्रॅकेटवर टेकलेली असते. मध्ये आधार द्यायला जागाच नाही, तिथे कापड फिरतं. नळी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर मधला झोल सोळा पट होतो. झोल आला की कापडावर तिरप्या सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. म्हणून आठ फुटांना बारीक नळी घेऊच नका. 45 मिमीच्या आसपासची मागा. रोमनचं कापड मात्र गुंडाळलं जात नाही, मागच्या दोऱ्यांनी आणि आडव्या सळ्यांवर घड्या पडत वर जातं. ते वरच्या पट्टीला वेलक्रोने चिकटवलेलं असतं आणि त्या पट्टीला दर दोन फुटांवर क्लॅम्प मारता येतो, त्यामुळे झोलाचा प्रश्न येत नाही.

रोलरवर आमच्या मते सगळ्यात चांगला तोडगा म्हणजे दोन तुकडे करून मधल्या ब्रॅकेटवर जोडणं. साखळी एकच राहते. मध्ये दोन-तीन सेंटीमीटरची फट पडते. ती खिडकीची दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात, बरोबर त्या उभ्या पट्टीसमोर आणली की खटकत नाही. हे माप आधी द्यावं लागतं, नंतर सरकवता येत नाही.

रोमनची अडचण दुसरीकडे आहे. पडद्याचं कापड साधारण 54 इंच पन्ह्याचं मिळतं, म्हणजे आठ फुटांना जोड आलाच. अखंड पन्हा मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना उरलेल्या पट्ट्या जोडा. मधोमध शिवण आली की उजेडात ती रेघ आधी दिसते. शिवाय वर ओढल्यावर घड्यांचा थप्पा 20-25 सेंटीमीटर जागा खातो. खिडकीच्या वर तेवढी भिंत असेल तर तिथे बसवा, नाहीतर वरची तावदानं कायम झाकलेली राहतील. मागच्या दोऱ्यांपैकी एक जरी ढिली असली तरी खालची कड तिरकी उचलली जाते.

चौकटीच्या आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत कमी माप धरा आणि त्यातून एक सेंटीमीटर वजा करा. रोलरचं कापड ब्रॅकेटपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे दोन्ही कडांना दीड-दोन सेंटीमीटर उजेड येतोच. बेडरूममध्ये अंधार हवा असेल तर रोलर भिंतीवर, दोन्ही बाजूंना दहा सेंटीमीटर जास्त घेऊन लावा. खिडकीचा हँडल आड येत असेल तर कापड नळीच्या पुढच्या बाजूने सोडायला सांगा.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधून पाणी उडतं. तिथे सुती रोमनला बुरशी धरते, पॉलिएस्टर बरं. अर्थात रोमनचं कापड सळ्या काढून धुता येतं, रोलरचं फक्त पुसता येतं.

खिडकीवर बहुधा काँक्रीटची लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असते, त्यामुळे हॅमर ड्रिल लागतं. स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये किंवा जिप्समच्या छतात अडकवू नका. छतात आधी प्लायवूडची पट्टी हवी. दोन्ही ब्रॅकेट लेव्हल लावूनच पक्के करा. तरीही रोलरचं कापड डावीकडे सरकत राहिलं तर ते पूर्ण उलगडून नळीच्या उजव्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. उजवीकडे सरकत असेल तर डाव्या टोकाला. साखळीचा फास मात्र मोकळा लोंबू देऊ नका: तो लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. सोबत येणारी क्लिप भिंतीला स्क्रूने मारून साखळी त्यात ताणून बसवा.