जनककुलशोध, दत्तक पूर्वजाचा

जनककुलशोध : दत्तक गेलेल्या पूर्वजाचे जन्माचे कुळ कागदपत्रे, वंशावळी व घराण्यातील परंपरा यांच्या आधारे निश्चित करण्याचा वंशशोधातील प्रकार. मुलगा देणारे ते जनककुल व घेणारे ते दत्तककुल. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील हिंदू घराण्यांचा व त्यांतही वतन, इनाम वा जमीन असलेल्या घराण्यांचा विचार केला आहे. ज्यांच्याकडे वारसा लावण्याजोगे काही नव्हते, त्यांच्यातील दत्तकांचे कागद क्वचितच झाले.

या शोधातील मुख्य अडचण शास्त्रातच आहे. ‘गोत्ररिक्थे जनयितुर्न हरेद्दत्त्रिमः क्वचित्’ या मनुवचनानुसार (९·१४२) दत्तकाला जनकपित्याचे गोत्र व धन मिळत नाही आणि पिंड हा गोत्र व धन यांच्यामागून जात असल्याने देणाऱ्याचे श्राद्धही त्याच्याकडून होत नाही. त्यामुळे श्राद्धाच्या संकल्पात, पिंडदानाच्या नामोच्चारात आणि वारसाच्या यादीत, म्हणजे जेथे पूर्वजांची नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात त्या तिन्ही ठिकाणी, जनकपिता गळतो. विवाहाच्या बाबतीत मात्र शास्त्राने जन्माचे नाते तोडलेले नाही. जनककुलातील सापिंड्य (विवाहास वर्ज्य असलेले जवळचे रक्तसंबंध) दत्तकाला पाळावेच लागते. हाच नियम १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम १२ मध्येही आला आहे. निबंधग्रंथांत (स्मृतिवचनांच्या संकलनग्रंथांत) जनक मातापित्यांसाठी सामान्यतः तीन रात्रींचे आशौच (सुतक) सांगितले आहे. म्हणून संपत्तीचे कागद संपले, की सोयरीक व सुतक यांच्या नोंदींकडे वळावे लागते. एखाद्या घराण्यात सगोत्र नसलेल्या दुसऱ्याच आडनावाशी लग्ने वर्ज्य मानली जात असतील व त्याचे कारण कोणालाच सांगता येत नसेल, तर दोन-तीन पिढ्यांमागे तेथून दत्तक आला असण्याचा संभव तपासून पाहावा.

दत्तकासंबंधीच्या ग्रंथांत नंदपंडिताची दत्तकमीमांसा (सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असावी) व दत्तकचंद्रिका हे दोन प्रमुख. दत्तकचंद्रिकेचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. ग्रंथात ती कुबेरकृत म्हटली आहे, तर काहींनी ती स्मृतिचंद्रिकाकाराची मानली. अखेरच्या श्लोकातील चरणांची आद्य व अंत्य अक्षरे जुळवली असता ‘रघुमणि’ हे नाव निघते, यावरून बंगालमधील त्या नावाच्या पंडिताने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस रचली, असाही पक्ष आहे. तो अधिक संभाव्य वाटतो. दोन्ही ग्रंथांचे सदरलंडकृत इंग्रजी भाषांतर १८२१ मध्ये निघाल्याने न्यायालयांत त्यांना त्यांच्या मूळ योग्यतेहून अधिक मान मिळाला. महाराष्ट्रात मात्र नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखाचे प्रामाण्य आहे आणि वंशशोधकाला अधिक उपयोगी तोच आहे. मयूखानुसार मोठ्या वयाचा, विवाहित, इतकेच नव्हे तर पुत्रवान पुरुषही दत्तक घेता येतो. येथील रूढीचे एक जुने संकलन आर्थर स्टील याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केले.

पुत्रवान पुरुष दत्तक गेल्यास त्याच्या आधीच्या मुलांचे काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. दत्तकापूर्वी जन्मलेला मुलगा जनककुलातच राहतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ मध्ये ठरविले. परिणामी एकाच पित्याचे थोरले मुलगे एका आडनावाचे व धाकटे दुसऱ्या आडनावाचे, अशी स्थिती काही घराण्यांत आढळते. अशा वेळी जनककुलाचा पत्ता पूर्वजाच्या कागदात न मिळता त्याच्या थोरल्या मुलांच्या कागदात मिळतो.

द्व्यामुष्यायण हा प्रकार याहून गुंतागुंतीचा. भावाचा एकुलता एक मुलगा ‘हा आपणां दोघांचाही पुत्र’ अशा ठरावाने घेतल्यास तो दोन्ही पित्यांचा वारस होतो. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात हा प्रकार विशेष आढळतो. अशा पुरुषाचे नाव दोन वंशावळींत दोन पित्यांखाली येते आणि अनभ्यस्त संशोधक त्याच्या दोन व्यक्ती करतो. एकुलता एक मुलगा देऊ वा घेऊ नये, हे वसिष्ठाचे वचन सर्वत्र पाळले गेले नव्हतेच. १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) असे दत्तक वैध ठरविल्यावर उरलेला संकोचही गेला. म्हणून ‘एकुलता होता, तेव्हा दत्तक गेला नसणार’ हे अनुमान धरू नये.

नावांतील बदल : दत्तविधानानंतर पित्याचे नाव बदलतेच, परगोत्री दत्तक असल्यास आडनावही बदलते आणि प्रतिष्ठित घराण्यांत बहुधा मुलाचे स्वतःचे नावही. कवळाणे (नाशिक जिल्हा) येथील काशीराव गायकवाड यांचे पुत्र गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर सयाजीराव झाले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. झाशीच्या गंगाधररावांनी निधनाच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, नेवाळकर घराण्यातीलच वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव घेतला व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. अशा थोरांच्या बाबतीतही जन्मकाळाच्या नोंदी निर्विवाद नसतात. शाहू छत्रपतींची जन्मतारीख २६ जून १८७४ की २६ जुलै, यावर वाद झाला. आता २६ जून सर्वमान्य आहे.

आडनाव न बदललेला दत्तक शोधण्यास अधिक कठीण. भावाचा मुलगा प्रथम, तो नसल्यास जवळचा सपिंड व नंतर सगोत्र, असा ग्रंथांतील पसंतीक्रम आहे आणि व्यवहारातही भाऊबंदकीतलाच मुलगा घेण्याकडे कल असे. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये घेतलेला धोंडोपंत (नानासाहेब) हा वेणगावच्या माधव नारायण भट यांचा मुलगा. घेणारे व देणारे दोघेही भटच. येथे गोत्र, आडनाव, कुलदैवत, बहुधा गावही तेच राहते व फक्त मधले नाव बदलते. सामान्य शोधक दूरच्या आडनावांत भटकतो. परंतु आधी त्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेत, विशेषतः ज्या शाखेत तीन वा अधिक मुलगे आहेत व त्यांतील एकाची पुढची नोंद तुटली आहे तेथे, पाहणे श्रेयस्कर ठरते.

विधवेने घेतलेला दत्तक ओळखण्याची एक खूण कालगणनेत मिळते. मुंबई इलाख्यात पतीची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही विधवेला दत्तक घेता येई. हा दत्तक कायद्याने पतीच्या मृत्युदिनापासून झाला, असे मानले जाई. १९४३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या एका निर्णयाने हे तत्त्व बरेच ताणले गेले. कागदोपत्री पिता वारल्यानंतर पाच, दहा, क्वचित वीस वर्षांनी ‘पुत्र’ जन्मलेला दिसतो, तो याचमुळे. वंशावळ तपासणारे बहुधा याला लेखनदोष समजून साल दुरुस्त करतात. तसे करू नये. हीच विसंगती दत्तकाचा सर्वांत बोलका पुरावा असते.

साधने : पेशवाईत वतनदाराच्या दत्तकाला सरकारची मंजुरी लागे व त्याबद्दल नजर भरावी लागे. अशा नजरेच्या नोंदी पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तरात आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिशांच्या छापील खंडांतही त्यांतील काही येतात. दत्तकाविषयी तंटा झाला असल्यास करीना, कैफियत (लेखी निवेदन), महजर (सभेसमोर झालेला निर्णयलेख) व निवाडपत्र मिळण्याची आशा असते. करिन्यात वादी आपल्या घराण्याची हकीकत मुळापासून सांगतो आणि प्रतिपक्ष ‘हा अमक्याचा पोर, आमच्या घरचा नव्हे’ असे म्हणताना जनकपित्याचे नाव आपसूक देऊन जातो. दत्तपत्रात कित्येकदा देणाऱ्याचे नाव एका ओळीपुरतेच असते. विरोध करणाऱ्या भाऊबंदांच्या अर्जात मात्र त्याचे तीन पिढ्यांचे वर्णन सापडते. दत्तक बिनविरोध झाला असेल तर शोध तितकाच अवघड.

कंपनी सरकारच्या इनाम चौकशीत (१८५२ चा अकरावा कायदा) इनामदारांना वंशावळी दाखल कराव्या लागल्या. त्या विपुल आहेत, पण भोगवटा सिद्ध करण्यासाठी तयार केलेल्या असल्याने सावधपणे वापराव्यात. दत्तक झाकून औरस दाखविण्याचा मोह तेथे उघड होता, कारण दत्तकाला मंजुरी नसल्यास इनाम खालसा होण्याची भीती होती. सातारा (१८४८) व झाशी येथे दत्तक नामंजूर करून राज्ये खालसा झाली, हे सर्वांसमोर होते. १८६३ च्या दोन ‘समरी सेटलमेंट’ (इनामांचा ठोक निकाल लावणाऱ्या) कायद्यांनंतर ठरावीक आकारणी मान्य करणाऱ्यांची ही भीती गेली आणि त्यानंतरच्या वंशावळी तुलनेने प्रामाणिक वाटतात. १८७४ च्या वतन कायद्याखालील वतन रजिस्टरे, १९०३ पासूनची हक्कनोंदणी, फेरफाराची नोंदवही (गाव नमुना ६) आणि जन्ममृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक) ही पुढची साधने. फेरफारात ‘मयताचा दत्तक पुत्र’ असा उल्लेख मिळतो, पण जनकपित्याचे नाव विरळाच. दत्तक घेण्याचा अधिकार देणारे, १ जानेवारी १८७२ नंतरचे व मृत्युपत्राव्यतिरिक्तचे लेख नोंदवणे कायद्याने सक्तीचे असल्याने दुय्यम निबंधकांच्या जुन्या बुकांत त्यांचा तपास करता येतो. दत्तपत्र मात्र अनेकदा केवळ घरीच ठेवलेले असे.

बहुतेक जुने कागद मोडीत आहेत व कालनिर्देश सूरसन किंवा फसली या जुन्या सरकारी कालगणनांत असतो. सूरसनात ५९९ वा ६०० व दक्षिणी फसलीत ५९० वा ५९१ मिळवून इसवी सन येतो. उदाहरणार्थ ‘खमसैन मया व अलफ’ (११५०) म्हणजे १७४९–५०. दोन्ही वर्षे मृगाच्या सुमारास बदलत असल्याने एका वर्षाची चूक सहज होते आणि जन्म व दत्तविधान यांचा क्रम ठरवताना ती महागात पडते.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इ. ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे स्वतंत्र महत्त्वाचे साधन. यात्रेकरू स्वहस्ते नावे लिहीत असल्याने दत्तक जाण्यापूर्वी पित्याबरोबर आलेल्या मुलाचे नाव जनककुलाच्या पानावर व प्रौढपणी तोच माणूस दत्तककुलाच्या पानावर, असे दुहेरी दर्शन क्वचित घडते. वह्या गाव व आडनाव यांनुसार लावलेल्या असल्याने दोन्ही पाने जोडण्याचे काम मात्र शोधकालाच करावे लागते. विसाव्या शतकात निघालेल्या कुलवृत्तांतांत, विशेषतः चित्पावन घराण्यांच्या, दत्तक गेलेल्यांची व आलेल्यांची नोंद करण्याचा प्रघात आहे. देणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही कुळांचे वृत्तांत छापलेले असल्यास एकाचा पडताळा दुसऱ्यात घ्यावा. संकलकांनी घरोघरी पत्रे पाठवून माहिती मिळविली असल्याने त्यांत सांगोवांगीचा भाग बराच आहे.

वादग्रस्त जनककुलाचे ठळक उदाहरण साताऱ्याच्या रामराजाचे. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या मागे (मृत्यू १५ डिसेंबर १७४९) गादीवर आलेला रामराजा हा आपला नातू, दुसऱ्या शिवाजीचा मुलगा असून त्याला बालपणापासून लपवून वाढविले, असे छत्रपती राजारामांच्या विधवा ताराबाईंनी सांगितले होते. हे खरे असल्यास तो शाहूंचा चुलत पुतण्या ठरतो. मात्र वर्षभरात त्याच्याशी बिनसल्यावर त्यांनी त्याला कैदेत टाकले व तो तोतया असल्याचे म्हटले. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर तो गोंधळ्याचा मुलगा असल्याचे शपथेवर सांगितले, अशी नोंद मिळते. दोन्ही कथने एकाच व्यक्तीची व दोन्ही वेळी राजकीय गरजेतून आलेली असल्याने केवळ त्यांवरून निर्णय करता येत नाही. शपथेचे कथन नंतरचे व रोषातले असल्याने त्याला कमी वजन द्यावे, हा पक्ष ग्राह्य वाटतो. रामराजाने स्वतः १७७७ मध्ये वावीकर भोसल्यांच्या शाखेतील मुलगा दत्तक घेतला. तोच दुसरा शाहू.

अनाथ व संस्थांतील मुले : जुन्या हिंदू कायद्यात मुलगा देण्याचा अधिकार केवळ मातापित्यांना असल्याने अनाथाचे विधिवत दत्तक होऊच शकत नसे. १९५६ च्या अधिनियमाने मातापिता वारले असल्यास पालकाला न्यायालयाच्या परवानगीने मूल देता येऊ लागले व १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या वा मातापिता अज्ञात असलेल्या मुलांनाही ही सोय लागू झाली. त्यापूर्वी संस्थेतून घरी नेलेल्या मुलांचे कागद म्हणजे संस्थेचे आवकपुस्तक, तेही असल्यास. जोतीराव फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये व प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी पंढरपुरास १८७५ मध्ये बालकाश्रय सुरू केले. गुप्तता हाच त्यांचा पाया असल्याने जनकपित्याच्या नोंदीची अपेक्षा तेथे करता येत नाही. फुले दांपत्याने घेतलेल्या यशवंताची माता काशीबाई ही ब्राह्मण विधवा होती, एवढे ज्ञात आहे. मुलींविषयी माहिती याहून तुटपुंजी आहे. १९५६ पूर्वी सामान्यतः कन्येचे दत्तक कायद्याने मानले जात नसे. मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांत दत्तकाऐवजी पालकत्व, तेही बहुधा १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली, असे. त्यामुळे तेथे जिल्हा न्यायालयाच्या दफ्तराकडे वळावे लागते.

आनुवंशिक चाचणीचा उपयोग मर्यादित आहे. वाय-गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यामुळे परगोत्री दत्तकाच्या पुरुषवंशजाची तुलना संशयित जनककुलातील पुरुषाशी करता येते. दत्तक भाऊबंदकीतला असेल तर दोन्ही शाखांचे वाय-गुणसूत्र एकच निघून चाचणी काहीच सांगत नाही. इतर गुणसूत्रांतील सामाईक अंश पिढीगणिक निम्म्याने घटतो. सख्ख्या चुलतभावंडांत तो सरासरी साडेबारा टक्के, त्यांच्या मुलांमध्ये परस्परांत सुमारे तीन टक्के असतो. शतकापूर्वीच्या दत्तकाबाबत तो पुसट होतो. शिवाय जातीअंतर्गत विवाहांमुळे दूरचे नातेही जवळचे भासते.

सध्या संस्थेमार्फत दत्तक गेलेल्या व्यक्तीला वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर स्वतः मूळशोधासाठी अर्ज करता येतो. २०२२ च्या दत्तक विनियमांत त्याची कार्यपद्धती दिली आहे. मूल सोपवताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्याची मागणी केली असल्यास त्यांच्या संमतीशिवाय ते उघड केले जात नाही. त्रयस्थाने असा शोध घेण्यास विनियमांत मनाई आहे. दत्तक व्यक्तीच्या पश्चात तिचे नातू-पणतू या दृष्टीने त्रयस्थच ठरत असावेत.