चार पोस्टकार्डांवर उभी गाडी

घर शाकारून झालं, लाकूडफाटा पडवीत आला, की रत्नागिरीकराला गाडीच्या टायरची आठवण होते. यंदा मेअखेरीस मीही दुकानात जाऊन बसलो. मालकाचा पहिला प्रश्न नेहमीचाच: "काका, किती किलोमीटर चालायला हवेत?" मला हवं होतं पाणी काढणारं टायर.

हिशेब करून बघा. गाडी १२०० किलोची, म्हणजे एका चाकावर ३०० किलो. हवा ३३ पीएसआय (चौरस इंचाला ३३ पौंड), म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो दाब. भागाकार केला की १३० चौरस सेंटिमीटर येतात, जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढी जागा. गणपतीला अख्खं बिऱ्हाड घेऊन आपण येतो ते अशा चार पोस्टकार्डांवर.

आता रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी धरा. ताशी ८० किलोमीटर वेगात १८५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर, म्हणजे कळशीभर पाणी वाटेतून हटवावं लागतं. त्यासाठीच खाचा असतात. नव्या टायरला त्या ७-८ मिलिमीटर खोल असतात, कायदा १.६ पर्यंत चालवून घेतो. आंबा घाटात जुलैत जाणाऱ्याने मात्र कायद्याची वाट बघू नये. मी ३ मिलिमीटर उरले की टायर बदलतो.

पाणी हटलं नाही तर त्याची पाचर टायरखाली शिरते. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात तिचा दाब वाढतो आणि तो टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा झाला, की चाक तरंगतं. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक निकामी. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली विमानांच्या चाकांसाठी याचं सूत्र मांडलं. पीएसआयचं वर्गमूळ काढून १०.३५ ने गुणलं की तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. गंमत म्हणजे सूत्रात वजन कुठेच नाही. ३३ पीएसआयला उत्तर येतं ताशी ९६ किलोमीटर, हवा २५ वर उतरली तर ८३. हे गणित टायर गुळगुळीत असताना किंवा पाणी खाचांहून खोल असताना लागू पडतं. मोटारीला ते अंदाजापुरतंच घ्यावं, पण पावसाळ्यात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते या समजुतीचा निकाल त्यात लागतो.

"जरा रुंद घाला, गाडी भारी दिसेल," हा पुढचा आग्रह. दाब तोच तर पोस्टकार्डाचं क्षेत्रफळही जवळपास तेच. फक्त ते आडवं होतं. रुंद टायरला जास्त पाणी हटवायचं असतं आणि वेळ कमी मिळतो. कोरड्या वळणावर रुंद टायर छानच, पण आमच्याकडे कोरडी वळणं जूनपर्यंतच. शिवाय रुंद टायरची बाजूची भिंत बहुधा बुटकी असते आणि खड्ड्यात आधी तीच फुगते. म्हणून कंपनीने दिलेलं १८५/६५ आर १५ ८८ एच हेच माप कायम ठेवलं: रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. त्यापुढचं ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोंपर्यंत भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. ही दोन्ही मूळ टायरपेक्षा कमी नसली म्हणजे झालं.

सिलिका घातलेलं रबर मिळालं तर दोन पैसे जास्त द्यावेत. ते ओल्या रस्त्याला चांगलं धरतं आणि पेट्रोलही कमी खातं.

चाकरमान्यांच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या खाचा शाबूत दिसतात, पण ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर आतून कडक होत राहतं. मग बाजूला बारीक चिरा पडतात. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. खाचा कितीही असोत, दहा वर्षांपलीकडे टायर ठेवू नये, असं अनेक कंपन्याच सांगतात.

शेवटी मी दोनच नवी घेतली आणि मागे बसवायला सांगितली. मालक हसला. "ओढतात पुढची नि नवी मागे?" पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि तुमच्याआमच्यासारख्याला ती आवरत नाही. त्याने मान हलवत जॅक लावला.

निघताना सहज डिकी उघडून स्टेपनी पाहिली. आकडे होते १११४.